रुमालाखालचा भाव

कळसला आमचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं गुरांचं छप्पर. दोन्हींत छप्पर बरं होतं. त्याच्या कुडाला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः माती लिंपलेली, वर उसाचं पाचट दाट अंथरलेलं. घराचे पत्रे मात्र दगडांच्या वजनावर तग धरून असायचे. वारं सुटलं की आई आमची अंथरुणं उचलून छपरात न्यायची आणि आम्ही बैलांच्या पलीकडं ओळीनं झोपायचो. वस्तीतली माणसं हसायची. आबांना त्याचं काही वाटायचं नाही.

आजोबांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली आणि गावकीची कामं सोडली. मेलेलं जनावर ओढायला जायचं नाही, हे त्यांनी पंचांना तोंडावर सांगितलं होतं. आबा त्याच्या पुढं एक वाक्य जोडायचे, "त्यांनी मेलेलं सोडलं, म्या जितं धरलं." आबांचा धंदा तोच. बाजारातून हाडं वर आलेलं खिल्लार खोंड स्वस्तात आणायचं, दोन-चार वर्षं पोसायचं, गाडीला-नांगराला शिकवायचं आणि जोड लावून विकायचं. जमीन नावापुरती. आई भवानीनगरच्या बाजूला ऊस खुरपायला, तोडायला जायची. पाचटानं तिचे हात कोपरापर्यंत चिरलेले असत. आमच्या घरात बैलाला पेंड असायची, आम्हाला डाळ असेलच असं नाही. मी लहानपणी एकदा पेंड खाऊन बघितली होती. वाईट लागत नाही.

मी बारामतीला कॉलेजात शिकले. डबा रोज सकाळच्या एसटीनं यायचा आणि मी स्टँडवर कंडक्टरच्या हातातून घ्यायची. वस्तीतली पहिली बी.ए. मी. हे मी पुन्हा पुन्हा सांगते म्हणून लोक कंटाळतात, कंटाळू देत. पुढं परीक्षा देऊन बारामतीतच सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागले. नव्वदचं दशक सुरू झालं होतं, गावाबाहेर नवीन कॉलन्या उठत होत्या आणि आमच्यासारख्यांना तिथं भाड्यानं खोली मिळत नव्हती.

"आडनाव काय म्हणालात?" हा प्रश्न मला पाठ झाला होता. मी आडनाव सांगायची, मोठ्यानं सांगायची. मग खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघायची. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी आमच्या डोक्यावर लटकत असताना हे बोलणं चालायचं. शेवटी जिनं खोली दिली त्या घरमालकिणीनं अट घातली, आम्ही पाणी भरून झाल्यावर तुम्ही नळाला हात लावायचा. आईला दम्याचा त्रास सुरू झाला म्हणून तिला मी जवळ आणलं, तर मालकीण म्हणाली, "तुमच्या आईचा खोकला आमच्या देवघरापर्यंत येतो." आणि दिवाळीच्या तोंडावर तिनं दोन-तीन महिन्यांत खोली सोडायला सांगितलं.

मी त्या दिवशी ठरवलं, आता भाड्याची खोली शोधायची नाही.

आमच्या कचेरीच्या मागच्या आळीत एक निवृत्त गुरुजी घर विकत होते. दोन खोल्या, मोरी, पुढं माणूस बसेल एवढा ओटा. त्यांना मुलाकडं पुण्याला जायचं होतं. त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, पगार विचारला. मी होते तेवढे पैसे इसार म्हणून दिले. गुरुजी म्हणाले, "बाई, संक्रांतीपर्यंत थांबतो. दुसरं गिऱ्हाईक रोख घेऊन दारात उभं आहे. संक्रांत झाली की इसार परत मागू नका आणि मला शिव्याही देऊ नका."

घराच्या किमतीचा मोठा भाग बँक देणार होती. उरलेला आपला आपण घालायचा, त्याला बँकेत मार्जिन म्हणत. माझ्याकडं मार्जिन नव्हतं. आबांकडं बैल होते. त्यांनी आजवर वाढवलेल्यांत सगळ्यात देखणी जोड, दोघांचीही शिंगं कमानीसारखी सारखी वळलेली. मी मागितले नव्हते, पण आबा दिवाळीनंतरच्या बाजारात जोड घेऊन गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं बारामतीला येऊन धोतराच्या सोग्यातली गाठ माझ्यासमोर सोडली. "घे. पुरतंय का बघ." तेवढंच बोलले आणि चहा न घेता परत गेले. मी दुसऱ्या दिवशी पैसे माझ्या खात्यात भरले. आता झालं, असं मला वाटलं. तिथूनच सगळं सुरू झालं.

बँकेचे साहेब वाईट नव्हते. पासबुक बघून त्यांनी चष्मा काढला. "पगार तुमचा एवढा. नोकरी चार वर्षांची. ही रक्कम एका दिवसात कुठून आली?"

"वडिलांनी बैल विकले."

"असतील विकले. पण सावकाराकडून उचलून भरले असतील तर? मग तुम्ही त्याचं व्याज भरणार की माझा हप्ता? पैसे कुठून आले त्याचा कागद आणा, मी लगेच प्रकरण पुढं पाठवतो."

मला राग आला. आयुष्यभर पैसे नाहीत म्हणून खाली बघायचं आणि आता आहेत म्हणूनही खाली बघायचं. पण कागद मागणं त्यांचं कामच होतं, आणि माझ्या कचेरीलाही घर घेताना पैसे कुठून आणले ते कळवावं लागणारच होतं. नोकरीचा प्रश्न होता. रविवारी आईला घेऊन कळसला गेले. गाडीत मला एका जागी बसवेना. आई म्हणाली, "अगं, बूड टेक की. उभी ऱ्हायलीस म्हणून गाडी पळती व्हय?"

आबा रिकाम्या छपरात बसले होते. मी सरळ विचारलं, "आबा, बैलांचा भाव काय ठरला होता?"

"दिलं की तुला समदं."

"ते मला माहीत आहे. भाव काय ठरला?"

"ते बोलत न्हाईत, बाय."

ज्यांनी जनावरांचा बाजार बघितला नाही त्यांना हे सांगायला हवं. आमच्याकडं बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वर रुमाल नाहीतर टॉवेल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांत आणि फार तर दलालात राहतो. सौदा झाला की तो आकडा कुणी कुणाला विचारत नाही, कुणी सांगत नाही. आबांनी आईलाही कधी सांगितला नव्हता.

"बँकेला सांगायचाय," मी म्हणाले.

"बँक काय बैल घेणार हाय व्हय?"

"आबा, कागद लागतो. बाजार समितीची पावती असेल ना?"

पावती होती. त्यांनी ट्रंकेतून काढून दिली. मी वाचली आणि खाली बसले. मी खात्यात भरलेल्या रकमेच्या जेमतेम निम्मा आकडा त्यावर होता.

"हे काय?"

"फी आकड्यावर लागती न्हवं? मग कोन खरा आकडा लिवतंय? समदीच निम्मा लिवत्यात. घेनारा बी खूश, आपुन बी खूश."

म्हणजे होता तो एकुलता एक कागद माझ्याविरुद्धच साक्ष देत होता. बाकीचे निम्मे पैसे आता कुठून आले म्हणून सांगायचे? मी म्हणाले, ज्यानं बैल घेतले त्याच्याकडून लिहून घेऊ. आबा एकदम उठले. "त्येला जाऊन भाव बोल म्हनू? बाजारात त्वांड दावाया जागा न्हाय उरायची. म्या न्हाय येनार."

आई छपराच्या मेढीला हात लावून म्हणाली, "नका यिऊ. बैल गेलं, आता घर बी घालवा. म्हंजी मंग म्या खोकाया मोकळी, कुनाच्या बी देवघरात."

आबांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

बैल घेणारा गडी भवानीनगरच्या अंगाचा होता आणि हंगामात ऊस वाहायचा एवढंच आबांना माहीत होतं. सोमवारी मी रजा टाकली. तिथल्या साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग लागलेली, उसाच्या मोळ्या आभाळाला, हवेत मळीचा आंबूस वास. त्या रांगेत माणूस कसा शोधायचा, मी विचार करत होते. आबा माणूस शोधतच नव्हते. ते शिंगं बघत चालले होते. एका गाडीपाशी थांबले, आधी बैलाच्या खांद्यावरून हात फिरवला, मग खूर उचलून नाल बघितली.

"खांद्याला त्याल लावतुस का न्हाय रं?"

गाडीवरून एक सडपातळ माणूस उडी मारून खाली आला. "आबा! तुमी? लावतो की. रोज लावतो. इचारा बैलास्नी."

मी त्याला बाजूला घेऊन काय हवं ते सांगितलं. एक प्रतिज्ञापत्र, स्टॅम्पपेपरवर, की तुम्ही एवढे पैसे देऊन बैल घेतले. त्याचा चेहरा उतरला. त्यानं पुढच्या गाडीकडं बघितलं.

"ताई, हळू बोला. थोरला भाऊ म्होरल्या गाडीवर हाय."

"मग?"

"घरात म्या पावतीवरला आकडा सांगितलाय."

बैल त्याच्या मनात भरले होते. घरातून मिळालेले पैसे पुरेनात, म्हणून बाकीचे त्यानं बायकोच्या भावाकडून आणले होते आणि घरात निम्म्या भावात जोड मिळाली म्हणून फुशारकी मारली होती. "एकत्रातलं घर हाय ताई. थोरल्याला कळलं तर चूल फुटंल."

"आणि माझं घर होणारच नाही, त्याचं काय?" मी म्हणाले. माझा आवाज चढला. "संक्रांत तोंडावर आलीय. तुमच्या एका सहीवाचून मी आईला घेऊन रस्त्यावर जाऊ का?"

आबा बैलाच्या गळ्याची घंटा उगाच नीट करत होते. एवढ्यात पुढच्या गाडीवरून त्याचा थोरला भाऊ आला. भरदार, कानात भिकबाळी. "काय चाललंय? ही कोन मंडळी?"

माझ्या तोंडात आकडा आला होता. मी तो बोलले असते तर माझं काम झालं असतं आणि त्या माणसाचं वाटोळं. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी एवढंच म्हणाले, "ही जोडी आमच्या घरची."

"आरं तिच्या!" थोरला हसला. "मंग बरं घावला आबा. मला एक सांगा, ह्यो सांगतो त्या भावात तुमी ही जोड दिली? डोस्कं फिरलंवतं का तुमचं?"

आबा म्हणाले, "सौदा झाला. बैल दिलं."

"म्या दिवाळीपास्नं ह्येला इचारतुया. मला काय डोळं न्हाईत? त्या भावात ह्या जोडीची शिंगं बी यायची न्हाईत!" मग तो धाकट्याकडं वळला. "आज दोन्ही मानसं समोर हायती. बोल. जास्त दिलंस का न्हाय?"

"दिलं," धाकटा म्हणाला.

"कुठनं आनलंस पैकं?"

मी त्या दोघांकडं बघत राहिले. चार दिवसांपूर्वी काचेच्या टेबलापलीकडून मला जे विचारलं होतं, तेच इथं उसाच्या गाडीपाशी त्याला विचारलं जात होतं, आणि उत्तर देताना तो माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झाला होता.

"बायकूच्या भावाकडनं."

"मेव्हण्याकडनं! आन् मला पावती दावत फिरतुस व्हय रं?"

मागचे गाडीवाले ओरडायला लागले, "ए, पंचायत फाटकाच्या आत भरवा! गाड्या म्होरं घ्या की!" दोघं भाऊ भांडत भांडतच बैल हाकत पुढं गेले आणि आम्ही बापलेक गाडीच्या बाजूनं त्यांच्याबरोबर चालत राहिलो. मला वाटलं, गेलं सगळं. पण थोरला हिशेबी निघाला. वजनकाट्यापाशी थांबून त्यानं विचार केला आणि म्हणाला, "ताई, द्या तुमचा कागद. ह्यो सही करंल आन् शेजारी म्या बी करतो. पर त्यात निम्मं पैकं घरचं आन् निम्मं मेव्हण्याचं असं सरळ लिवा. न्हायतर उद्या वाटनीला ह्यो म्हनायचा, बैल माझ्या सासुरवाडीचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं इंदापूरला तहसील कचेरीच्या आवारात गेलो. झाडाखाली टंकलेखनाचं यंत्र घेऊन लेखनिक बसले होते. आधी विकणाऱ्याचा कागद करायचा होता, मग त्यावरून खरेदीदाराचा. लेखनिकानं आबांना विचारलं, "बैल कितीला विकले, आबा? मोठ्यानं सांगा."

आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं. आबा घुटमळले. मी मध्ये बोलणार होते, तेवढ्यात त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, लेखनिकाचा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि बोटं दाबली. लेखनिक जवळच्याच गावचा. त्यानं मान हलवली, "आलं ध्यानात," म्हणाला आणि यंत्रावर आकडा टिपला. भोवतीची माणसं हसली, पण चेष्टेनं नाही. कागद वाचून दाखवतानाही आकड्यापाशी तो थांबला आणि पुढच्या ओळीवर गेला. आबांच्या शब्दाखातर तो आकडा मीही इथं लिहीत नाही.

एवढं करून बँकेत गेले. साहेबांनी पावती एका हातात धरली, प्रतिज्ञापत्रं दुसऱ्या. "दोन कागद, दोन आकडे. मी कुठला खरा धरू?"

मला वाटलं, टेबल उलथून टाकावं. पण मी सरळ सांगितलं. "प्रतिज्ञापत्रातला खरा. पावती फी वाचवायला कमी लिहिली. बाजारात सगळेच तसं करतात. वडिलांनी चोरी केली नाही, पण पावती खोटी आहे."

त्यांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. "इथं बसून असं कुणी बोलत नाही," म्हणाले. "मग पावती खरी करून आणा. फरकाची फी भरा."

संक्रांत आठवड्यावर आली होती. गुरुजींचं दुसरं गिऱ्हाईक मी स्वतः त्यांच्या ओट्यावर चहा पिताना बघितलं होतं. आबांना घेऊन बाजार समितीत गेले. तिथला कारकून आमचं ऐकून खुर्चीत मागं रेलला. "फी कमी करा म्हणणारं रोज येतंय. वाढवा म्हणणारं पहिल्यांदाच बघतोय. आबा, तब्येत बरी हाय न्हवं?" त्यानं आत जाऊन वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, फरकाची फी घ्या, वर दंड घ्या आणि पावती दुरुस्त करून द्या. दंड म्हटल्यावर आबांचा चेहरा बघवेना. माझा पगार झाला होता, त्यातून मी भरला.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "आता समद्या बाजाराला भाव कळला." ते खरं होतं. पुढं किती तरी दिवस दलाल त्यांना 'बँकवाले आबा' म्हणायचे आणि सौद्याला हात पुढं केला की म्हणायचे, "रुमाल कशाला आबा, पावतीच फाडा की." आबांना ते लागायचं. त्यांनी मला तसं कधी बोलून दाखवलं नाही, आईला दाखवलं. आईनं मला सांगितलं.

तिसऱ्यांदा बँकेत गेले तेव्हा साहेबांनी कागद चाळले, सही केली आणि शिपायाला चहा सांगितला. मी चहा घेतला नाही. मला गुरुजींचं घर गाठायचं होतं. गुरुजींनी मंजुरीचं पत्र चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं आणि ओट्यावर बसलेल्या त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "तुम्ही आता दुसरीकडं बघा."

भोगीच्या आदल्या दिवशी बारामतीच्या निबंधक कार्यालयात दस्त नोंदला. आई, आबा आणि मी त्याच आठवड्यात राहायला गेलो. पंधरा वर्षांच्या कर्जाचे हप्ते मी माझ्या पगारातून भरले, एकही चुकवला नाही. दोन खोल्यांचं ते घर माझ्या नावावर आहे, त्यावर कुणाचं एक रुपयाचंही देणं नाही आणि त्यातला प्रत्येक पैसा कुठून आला ते मी दाखवू शकते.